गोडे पाणी शेवटी



उन्हाळा लागला आणि टँकरची वाट बघणे सुरू झाले, की ज्या घरी रिक्षा, काळी-पिवळी किंवा मोटारसायकल आहे त्या घरी एक कुरबूर हमखास होते. मोताळ्याहून मलकापूर-नांदुऱ्याकडे फेऱ्या करणारी गाडी संध्याकाळी धुळीने माखून येते. गाडीवर घराचे पोट आहे आणि मळकी गाडी दिसली की गिऱ्हाईक पुढच्या गाडीत बसते. म्हणून गाडीवाला म्हणतो, धुतलीच पाहिजे. घरची बाई म्हणते, रांगेत उभी राहून आणलेले पाणी मी चाकावर ओतू? खरे पाहता दोघांचेही बरोबर आहे.

आधी हिशेब करू. नळी लावून गाडी धुतली आणि मिनिटाला १० लिटर पाणी गेले असे धरले, तर १५ मिनिटांत १५० लिटर गेले. म्हणजे १५ लिटरचे १० हंडे! २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच जणांच्या घराला २७५ लिटर होतात. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या गाडीने प्यायचे, हे कसे परवडावे?

समुद्रकाठच्या होडीवाल्यांपुढेही हाच प्रश्न असतो. चहूकडे पाणी, पण गोडे पाणी मोजके. म्हणून होडीवरचा चिखल आणि मासळीचा चिकटा समुद्राच्याच पाण्याने घासून काढायचा. लाकडाला खारे पाणी सोसते, लोखंडाला सोसत नाही. लोखंडावर राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंज चढतो. तेव्हा इंजिन, साखळी, खिळे-पट्ट्या यांच्यावरचे मीठ उतरण्यापुरतेच गोडे पाणी वापरायचे, आणि तेही सगळ्यात शेवटी.

हाच नियम आपल्याही कामाचा आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरींचे, बोअरचे पाणी खारट लागते. पिण्याला ते चालत नाही, पण गाडीचा चिखल त्याने निघतो. मात्र तसेच वाळू दिले तर पत्र्यावर पांढरे डाग पडतात आणि सांध्यांत गंज धरतो. जिथे खारे पाणी नाही, तिथे कपडे खळबळलेले शेवटचे पाणी बादलीत धरून ठेवावे. पहिले, सोड्याचे पाणी नको, त्याने रंग फिका पडतो. भांडी घासलेले पाणीही नको, त्यातल्या राखेने ओरखडे उठतात.

आता धुण्याची रीत. गाडी सावलीत उभी करा आणि इंजिन निवू द्या. उन्हात पाणी लगेच वाळते आणि डाग राहतात. कोरड्या फडक्याने धूळ रगडू नका, रंग खरवडतो. आधी मऊ कुंच्याने झटका. मग राखलेल्या पाण्याने चाके, चिखलपट्ट्या आणि खालची बाजू घासा. वरच्या भागाला चाकाचे फडके लावू नका, त्याला वेगळे फडके घ्या आणि टपापासून खाली पुसत या. शेवटी अर्धी बादली गोडे पाणी घेऊन, फडके पिळून पिळून सगळी गाडी पुसा आणि कोरडी करा. सीटला ओले फडके पुरे, काचेला जुना पेपर. इतक्यात गाडी लख्ख होते आणि गोडे पाणी हंड्याच्या निम्म्यावर जात नाही.

ऑइलचे डाग पाण्याने धुऊच नका, चिंधीने पुसा. ते पाणी विहिरीकडे किंवा हापशीकडे वाहू देऊ नका. नळगंगेच्या धरणावर किंवा नदीत गाडी घालून धुण्याचा मोहही टाळा. ते पाणी कुणाच्या तरी पिकाला आणि ओंजळीला जायचे असते.

असे नियम केवळ गरिबांच्याच वाट्याला येतात असेही नाही. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात धरणे आटली. १ फेब्रुवारीपासून तिथे माणसी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. पिण्याच्या पाण्याने मोटार किंवा होडी धुण्यास बंदी होती. बंगलेवाल्यांनाही बादली मोजावी लागली.

शेवटी एक गोष्ट. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला पाण्याचा हक्क बजावायला शिकवले. तो हक्क तळ्यावर मिळवायचा आणि घरात मात्र डोक्यावर हंडा एकीने वाहायचा, पाणी ओतायचे दुसऱ्याने, हे बरे दिसत नाही. तेव्हा गाडीवाल्या भावांनो, गाडीसाठी पाणी घेण्याआधी घरात विचारा. आणि दुसरे सोपे काम करा. रिकाम्या फेरीला गाडीत दोन कॅन टाका आणि जिथे पाणी मिळते तिथून भरून आणा. गाडी पाणी पिते, तशी ती पाणी वाहूही शकते. ज्या दिवशी गाडी हंडे आणील, त्या दिवशी ती धुवायला अर्धी बादली कुणी नाकारणार नाही.

जयभीम.