सिझेरियनची टक्केवारी आणि तिच्यामागचे वास्तव

सास्तूर (जि. धाराशिव), प्रतिनिधी : ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरमध्ये आज शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीतून चालणारे ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आहे. लोहारा तालुक्यासारख्या भागातील गरोदर महिलेपुढे टक्केवारीचा प्रश्न नसतो. इथेच सुटका होईल की ऐनवेळी लातूर किंवा सोलापूर गाठावे लागेल, एवढीच तिला चिंता असते. सिझेरियनच्या प्रमाणावरून रुग्णालयांची तुलना करताना नेमके हेच विसरले जाते.

तफावत मोठी आहे, यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली; सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. महाराष्ट्राचे एकूण प्रमाण चौथ्या फेरीतील (२०१५-१६) २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले. ‘खासगीत पैशासाठी पोट फाडतात’ हा लोकांचा निष्कर्ष त्यातूनच आला. तो पूर्णपणे खोटा म्हणता येणार नाही. सिझेरियनचे बिल मोठे असते आणि पहिलटकरणीच्या कळा रात्रभर चालतात. एकट्या डॉक्टरच्या प्रसूतिगृहात दिवसा, ठरल्या वेळी केलेली शस्त्रक्रिया सोयीची ठरते.

परंतु सरकारी रुग्णालयातील कमी आकडा म्हणजे उत्तम सेवा, असेही नव्हे. भूलतज्ज्ञ नसेल, रक्तसाठा नसेल, तर शस्त्रक्रिया होणारच नाही. बाळ पायाळू आहे किंवा कळा अडल्या आहेत, अशी महिला पुढे पाठवली जाते. तिचे सिझेरियन मोठ्या रुग्णालयाच्या नोंदवहीत चढते. लहान रुग्णालयाचा आकडा त्यामुळे स्वच्छ राहतो, मोठ्याचा फुगतो. आणि मधल्या रस्त्यावर त्या बाईचे काय झाले, हे दोन्ही आकड्यांत दिसत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयातील सिझेरियनही मोफत केले. मात्र मोफत शस्त्रक्रियेसाठीही रात्री दोन वाजता भूल देणारा माणूस जागेवर असावा लागतो.

आधी एकदा सिझेरियन झालेल्या महिलांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. त्यांपैकी अनेकींना पुढच्या खेपेस नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. त्यासाठी गर्भाशयाचा जुना व्रण फाटल्यास तत्काळ शस्त्रक्रिया करण्याची सोय चोवीस तास हवी. ती नसलेल्या ठिकाणी डॉक्टर आधीच तारीख ठरवतात, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. म्हणजे आज वाढलेली पहिली सिझेरियन पाच वर्षांनंतरचे प्रमाणही वाढवून ठेवतात.

मुंबईतील एका महिलेच्या ऑनलाइन याचिकेनंतर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना सिझेरियन आणि नैसर्गिक प्रसूतींचे प्रमाण फलकावर लावण्यास सांगण्यात आले. पाऊल योग्य होते, पण एकच आकडा अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रुग्णालयासाठी आदर्श टक्केवारी ठरवण्याऐवजी आयर्लंडचे डॉ. मायकेल रॉबसन यांची दहा गटांची वर्गवारी वापरण्याची शिफारस केली. पहिले बाळंतपण आहे का, बाळ डोक्याकडून आहे का, कळा आपोआप आल्या का, पूर्वी सिझेरियन झाले आहे का, अशा निकषांवर महिलांचे गट पडतात. मग सारख्याची तुलना सारख्याशी होते.

यातला पहिलाच गट सर्वांत बोलका. पूर्ण दिवस भरलेली पहिलटकरीण, एकच बाळ, डोके खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या. अशा महिलांमध्ये शेजारच्या दोन रुग्णालयांचे आकडे फार वेगळे असतील, तर तेथे डॉक्टरांना खुलासा विचारण्यास जागा आहे. फलकावर या गटाचा आकडा हवा. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर, किती महिलांना पुढे पाठवले, हाही.