अंगण खरंच वाकडं होतं!

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण मला कॉन्व्हेंटमध्ये नाही, आजीकडून मिळाली. गेल्या फेब्रुवारीत आपल्या गो-कार्टचा अपघात झाला, तेव्हा अख्ख्या हॉस्टेलने आमच्या ड्रायव्हरला हीच म्हण ऐकवली. मित्रांनो, आज मला त्याची बाजू घ्यायची आहे. कारण ते अंगण मी आखलं होतं!

काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. स्पर्धेआधीची टेस्ट होती. हॉस्टेलमागच्या पार्किंगमध्ये मी खडूने ट्रॅक काढला. जागा कमी म्हणून दोन सरळ पट्टे शेजारी-शेजारी, एक जाण्याचा, एक येण्याचा. मध्ये वसई फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून आणलेले टायर, एकच रांग, सुटे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला फर्स्ट इयरची मुलं मोबाइल घेऊन उभी. ब्रेक लागले, मागची चाकं लॉक झाली, कार्ट फिरली. एक टायर उडून एका ज्युनिअरच्या पायावर बसला. घोट्याला फ्रॅक्चर! त्या दिवसापासून कॅम्पसमध्ये कार्ट बंद.

ब्रेक नंतर तपासले, ठीक होते. मग चूक कुठे होती? गणित करून बघा. सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी होतो असं धरलं, तर ताशी ४० किमीवरून थांबायला सुमारे १२ मीटर लागतात. ताशी ६० ला जवळपास २८! वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. आणि मी वळणापुढे मोकळी जागा सोडली होती चार मीटर. फर्स्ट इयरचं फिजिक्स मी परीक्षेत लिहिलं, पार्किंगमध्ये विसरले.

म्हणजे पार्किंगमध्ये कार्ट चालवूच नये का? तसं मला वाटत नाही. आर्ट इंगल्सने १९५६ साली कॅलिफोर्नियात गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली, आणि सुरुवातीच्या कार्ट पार्किंगच्या मैदानांतच पळाल्या. प्रश्न जागेचा नाही, आखणीचा आहे.

गाडी जिथे चुकणार हे आधीच कळतं, म्हणजे लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी आणि वळणातून बाहेर पडताना, तिथे बाहेरच्या बाजूला मोकळी जागा हवी. तिथे माणूस नको, खांब नको, झाड नको. टायर एकमेकांना बोल्टने आणि पट्ट्याने बांधलेले हवेत. सुटा टायर अडवत नाही, उडतो. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमध्ये भक्कम अडथळा हवा. तेवढी जागा नसेल तर तसे पट्टे नकोतच.

काही जण म्हणतील, एवढी काळजी घेतली तर मजा काय राहिली? उलट आहे! कार्टला डिफरन्शियल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर. म्हणून अगदी चिंचोळ्या वळणात ती वळायला बघत नाही, सरळ ढकलली जाते. १० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या डांबरावर ताशी तीसेक किमीने घेता येतं, आणि जमिनीला टेकून बसल्यामुळे तेवढाही वेग वाऱ्यासारखा वाटतो. एक मोठं वळण, एक छोटं, मध्ये एक 'एस'. मजा लय सापडण्यात आहे, नुसत्या टॉप स्पीडमध्ये नाही.

अजून एक. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादला, कार्टमध्ये केस अडकून दोघींचा जीव गेला. माझी वेणी हेल्मेटच्या बाहेर असायची, कुणी कधी टोकलं नाही. फिरणाऱ्या भागांवर झाकण आणि बसण्याआधी केस-ओढणी बघणारा माणूस, हाही ट्रॅकचाच भाग समजायला हवा.

आणि आपली वसई! जुलै २०१८ च्या पुरात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले होते. हॉस्टेलमागे तर दोन सरींत तळं होतं. तेव्हा टेस्ट पाऊस संपल्यावरच, आणि आधी झाडू मारून. बारीक रेतीवर चांगला टायरसुद्धा घसरतो.

सरांना माझी विनंती आहे, बंदी उठवा असं मी म्हणत नाही. आमचा आराखडा कागदावर मागा, तपासा, मग ठरवा. टीमलाही सांगते, इंजिनासाठी वर्गणी काढतो तशी टायर आणि बोल्टसाठीही काढू. त्या ज्युनिअरचं प्लास्टर निघालं, आता तो टीममध्ये यायचं म्हणतोय. त्याला मी पहिलं काम दिलंय. माझ्या नकाशातल्या चुका शोधायचं. आत्तापर्यंत तीन सापडल्यात!