आवाजाचं भाडं कोणी भरायचं?

भाड्याचं घर मुदतीआधी सोडणारा माणूस म्हणजे शब्द न पाळणारा, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. का सोडलं हे कोणी विचारत नाही. छप्पर गळतं म्हणून सोडलं तर चालतं, नळाला पाणी नाही म्हणून सोडलं तरी चालतं. पण वरच्या मजल्यावरच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून सोडलं म्हणा, समोरचा हसतो. म्हणजे पाणी ही गरज आणि झोप ही चैन!

मला हे अजिबात मान्य नाही.

आधी त्या कराराचा कागद बघूया. गोव्यात फ्लॅट घ्यायला गेलं की अकरा महिन्यांचा करार पुढे येतो. अकराच का? तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ते टाळायला एक महिना कापलेला. वर मथळा असतो 'लीव्ह अँड लायसन्स'. म्हणजे तुम्ही भाडेकरू नव्हेच, मालकाच्या परवानगीने राहणारे पाहुणे. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात, भाडं भरणाऱ्या भाडेकरूला विनाव्यत्यय राहू देण्याची हमी आहे. (वकीलमंडळी सांगतील की शेजाऱ्याच्या स्पीकरपर्यंत हे कलम सहज पोचत नाही. ठीक आहे.) पाहुण्याला तर ती हमीही नाही. त्याच्या करारात काय असतं? खिळे ठोकू नका, रंग बिघडवू नका, शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नका. शेजाऱ्यांनी तुम्हाला उपद्रव दिला तर काय, यावर अवाक्षर नाही. आणि शेवटी ते 'लॉक-इन'. आधी गेलात तर अनामत विसरा.

पर्वरीत मी असाच एक फ्लॅट पाचव्या महिन्यात सोडला. वरचा फ्लॅट दिवसाच्या हिशेबाने पर्यटकांना दिला जात होता. दर शुक्रवारी नवी टोळी, नवा स्पीकर, रात्री दोन वाजता फरशीवरून ओढलेल्या खुर्च्या. घरात मुलीची दहावी. मालकाला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "दादा, मातशें एडजस्ट कर." दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत गेली ती गेलीच. वरच्या फ्लॅटच्या मालकाचा मात्र एक रुपयाही गेला नाही. आवाज करणारा कमावतो आणि आवाज ऐकणारा दंड भरतो, असा हा हिशेब आहे.

आता कोणी म्हणेल, कायदा नाही म्हणून असं होतं. कायदा आहे की! ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. २०१० च्या दुरुस्तीने खाजगी जागेतली यंत्रणाही त्यात आली. जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेच्या पाच डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये. मध्य प्रदेशाने तर १९८५ मध्येच स्वतःचा कोलाहल नियंत्रण कायदा केला. म्हणजे सौंसरकडच्या आपल्या मराठी मोहगावातही तक्रारीला कायद्याचा आधार आहे. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने आवाजावर जो मोठा निकाल दिला, त्यामागची हकिकत वाचून अंगावर काटा येतो. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारच्या लाउडस्पीकरमुळे तिच्या हाका कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. ज्यांना आवाजाची तक्रार नाजूकपणा वाटते, त्यांनी हे एकदा आठवावं.

दुसरा आक्षेप मला जास्त झोंबतो, कारण तो आपल्या संस्कृतीच्या नावाने येतो. "गोव्यात राहायचं आणि आवाज नको? शिगम्याचे ढोल, चवथीची घुमटं, जत्रेतली रात्रभर चालणारी नाटकं, ती कशी चालतात?" ती चालतात, कारण ती सगळ्या वाड्याची असतात. तारीख आधी माहीत असते, आपलाच मुलगा नाटकात शिपायाचं काम करत असतो! शिवाय त्या नाटकवाल्यांचे हाल बघा. स्पीकर लावायचा तर लेखी परवानगी. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत मिळाली तर ती वर्षातून फार तर पंधरा दिवस, आणि तीही राज्य सरकार ठरवेल तेव्हाच. देवळाच्या मांडवातल्या संगीत नाटकाने परवानगीसाठी हेलपाटे घालायचे आणि वरच्या फ्लॅटमधल्या टोळीने वर्षभर कोणालाही न विचारता धिंगाणा घालायचा. यातलं संस्कृतीरक्षण मला तरी दिसत नाही. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. ब्लूटूथ स्पीकरला अजून मिळालेला नाही.

पोलिसांत जा, असं म्हणणारेही भेटतात. जावंच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की आवाजाच्या तक्रारीवर कारवाई करताना तक्रारदाराची ओळख शोधत बसू नये आणि ती समोरच्याला कळवू नये. पण रात्री पोलीस आले की आवाज कमी होतो, गेले की पुन्हा वाढतो. पुढच्या शुक्रवारी टोळीच वेगळी! त्यांना मागच्या शुक्रवारचं काय देणंघेणं?

म्हणून माझं म्हणणं सोसायट्यांना आणि घरमालकांना आहे. वरचा फ्लॅट पर्यटकांना देत असाल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालचा नोंदणी क्रमांक जिन्यात लावा, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबरही. आणि भाडेकरूंनो, सही करण्याआधी एक कलम घालायला लावा. रात्रीच्या आवाजाची लेखी तक्रार दोनदा करूनही तो थांबला नाही, तर महिन्याच्या सूचनेवर घर सोडता येईल आणि अनामत पूर्ण परत मिळेल. एवढंच. एजंट म्हणेल, असं कोणी लिहीत नाही. मलाही म्हणाला होता. नव्या घराच्या मालकिणीने दोन दिवस घेतले, भावाला कागद दाखवला, 'दोनदा'चं 'तीनदा' केलं आणि सही केली.