आधी सुरक्षा, मग समेट



चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. याजक बाजूने निघून गेला, लेवी बाजूने निघून गेला, आणि ज्याला लोक परका समजत तो शोमरोनी थांबला. प्रवचनात बहुधा इथवरच भर असतो. पण संत लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला हा दाखला इथे संपत नाही. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हातात दोन दिनार ठेवले, आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन असे सांगून तो पुढे गेला. सगळे एकट्याने करण्याचा हट्ट त्याने धरला नाही. उतारशाळा कुठे आहे हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्यावर विश्वास टाकायची, पदरचे पैसे द्यायची आणि पुन्हा येऊन विचारपूस करायची त्याची तयारी होती.

घरात मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत आपल्या अनेक धर्मग्रामांत मात्र वेगळेच घडते. आपण थांबतो, जखमेवर फुंकर घालतो, आणि मग ज्याने मारले त्यालाच बोलावून दोघांना हात मिळवायला लावतो. याला आपण समेट म्हणतो. आमचे स्पष्ट मत आहे की हा समेट ख्रिस्ती नाही, आणि तो थांबला पाहिजे.

ही रीत सगळ्यांना परिचयाची आहे. बाई रडत फादरांकडे किंवा एखाद्या सिस्टरकडे येते. कमिटीतले दोन वडीलधारे नवऱ्याला बोलावतात. तिला त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसवून, 'काय झालं ते सांग' असे म्हणतात. ती काय सांगणार? घरी त्याच्याच स्कूटरवर बसून जायचे असते. तो मान खाली घालतो, दारू सोडतो म्हणतो, तिलाही 'थोडं सोसायला शिक, तोंड आवर' असा उपदेश मिळतो, प्रार्थना होते आणि तिला नांदायला परत पाठवले जाते. पुढच्या रविवारी दोघे मिस्साला एकाच बाकावर दिसले की आपण देवाचे आभार मानतो. तिने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज का घातला आहे, हे कोणी विचारत नाही.

भांडण आणि हिंसा यांत फरक आहे. भांडणात दोघे बोलू शकतात, आणि तिथे मध्यस्थ उपयोगी पडतो. हिंसेत एक जण दुसऱ्याला घाबरत असतो. घाबरलेल्या माणसाला घाबरवणाऱ्यासमोर बसवून खरे निघत नाही. उलट तिने बाहेर सांगितले याचा राग घरी गेल्यावर तिच्यावरच निघतो. ती घर सोडायच्या बेतात असते तेव्हा तर धोका आणखी वाढतो.

'आपल्या लोकांत असं फारसं नसतं' हे वाक्य आम्ही खूप ऐकले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचा आकडा सुमारे २९ टक्के आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात जेमतेम १४ टक्के निघाल्या, आणि चारांतल्या तिघींनी कधी कोणाला काही सांगितलेच नव्हते. बेळगाव, खानापूर इकडच्या चर्चच्या बाकांवर बसणाऱ्या बायका याच राज्यात राहतात. त्यांची घरे या आकड्यांच्या बाहेर आहेत असे मानायला आपल्याकडे काय आधार आहे?

काही जण म्हणतील, विवाह हा संस्कार आहे, तो मोडता येत नाही. बरोबर. पण ख्रिस्तसभेने कोणत्याही बाईला मार खात राहण्याची आज्ञा दिलेली नाही. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेचे ११५३ वे कलम सांगते की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचे ते रास्त कारण आहे, आणि उशीर करणे धोक्याचे असेल तर ती व्यक्ती स्वतःच्या निर्णयानेही निघू शकते. २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात पोप फ्रान्सिस यांनीही लिहिले की दुर्बल जोडीदाराला आणि मुलांना वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. माहेरी निघून आलेल्या बाईने संस्कार मोडलेला नाही. तिला कम्युनियनपासून दूर ठेवायला काही कारण नाही. तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. आणि इफिसकरांस पत्रातले पाचवे प्रकरण बायकोला ऐकवणाऱ्या पुरुषांनी तिथे नवऱ्यांना काय सांगितले आहे तेही वाचावे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःचा जीव दिला, ते माप तिथे नवऱ्याला लावलेले आहे.

मग उतारशाळा कुठे आहे? ती आपल्याच शहरात आहे, पण आपण तिचे दार ठोठावत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो फक्त सुनेसाठी नाही. घरात राहणारी आई, अविवाहित बहीण, मुलगी यांनाही त्याचा आधार आहे. मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैसे अडवणे, घराबाहेर काढण्याची धमकी हेही त्यात येते. बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा आणि नवऱ्याला दूर ठेवणारा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागता येतो. या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशी हिंसा होत आहे असे वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. 'आम्ही मध्ये पडलो तर आमच्यावरच केस होईल' या भीतीला हे उत्तर आहे. सहाव्या व सातव्या कलमांनी मागणी झाल्यास निवारागृहाने निवारा आणि दवाखान्याने उपचार द्यायचे असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे आणि ती फक्त आपणच सोडवू शकतो. आपली बाई घरी मराठी बोलते, मराठीत प्रार्थना करते. ठाण्यातला आणि सरकारी कचेरीतला कागद कन्नडमध्ये असतो. आपण कशावर सही केली हे तिला कळत नाही. कन्नड वाचता येणारी एखादी स्वयंसेविका तिच्या सोबत गेली, प्रत्येक ओळ वाचून दाखवली, तरी तिचे निम्मे भय जाते. आणि कितीतरी जणींचे माहेर चंदगड, गडहिंग्लजकडे, म्हणजे सीमेपलीकडे. 'केस इथे, माहेर तिथे, कसं जमणार?' असे त्यांना वाटते. त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे ती सध्या जिथे राहते, तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, आणि त्या आदेशाचा अंमल देशभर होतो. म्हणजे चंदगडच्या माहेरात बसून ती बेळगावच्या सासरविरुद्ध संरक्षण मागू शकते. ही एक गोष्ट आपल्या महिला मंडळात सांगितली तरी कोणाचा जीव वाचेल.

एकत्र काम केले तर काय होते, हे मुंबईने दाखवले आहे. तिथे १९८४ मध्ये पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजसेविका पोलिसांच्याच आवारात बसू लागल्या. २००० साली महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभारले. 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बाईची जखम पाहून परिचारिका तिला हळूच समुपदेशकाकडे पाठवू लागल्या. इथे कोणीही दुसऱ्याचे काम हिसकावले नाही. पोलीस पोलिसांचे काम करतात, डॉक्टर डॉक्टरांचे. आपल्या सिस्टरांचे दवाखाने आहेत, शाळा आहेत, घरोघरी जाणारे लहान ख्रिस्ती समूह आहेत. मग आपल्याला हे का जमू नये?

आता सर्वांत अवघड आक्षेप. 'आपण मूठभर. आधीच लोक आपल्याकडे संशयाने बघतात. घरचं चव्हाट्यावर आणलं तर पोलीस, पेपर, शेजारीपाजारी सगळ्यांना आयतं निमित्त. झाकली मूठ सव्वा लाखाची.' ही भीती खोटी नाही, आम्हीही याच गल्ल्यांत राहतो. पण या झाकल्या मुठीत कोण चिरडले जाते आहे ते पाहा. समाजाची अब्रू राखायची जबाबदारी सगळ्यांत दुबळ्या बाईच्या पाठीवर टाकायची, आणि मारणाऱ्याने कमिटीवर बसायचे, सणाला मोठी देणगी द्यायची, वाचनाला उभे राहायचे! अशी अब्रू ख्रिस्ताने कधी राखली नाही. देवळातल्या व्यापाऱ्यांचे चौरंग त्याने लोकांसमोरच उलथे केले.

दुसरा आक्षेप प्रार्थनेचा. प्रार्थना हवीच. पण उपाशी माणसाला काहीही न देता शांतीने जा म्हणणाऱ्यांविषयी संत याकोबाने काय लिहिले ते आपल्याला माहीत आहे. शिवाय आपल्याकडे 'प्रार्थनेची विनंती' म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाते. नाव न घेता प्रार्थना करा. देवाला नाव माहीत आहे.

आणि भागीदारी करायची तर हात स्वच्छ ठेवून. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी हिंदू सुधारक मंडळी सल्लागार म्हणून त्यांच्या सोबत होती. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून ती दूर झाली. तो वाद इथे उकरायचा नाही, पण त्यातून आपण एक नियम घ्यावा: आधाराला आलेल्या बाईपुढे, ती कोणत्याही धर्माची असो, धर्माची अट किंवा आमिष कधीही ठेवायचे नाही. गल्लीतल्या हिंदू, मुस्लिम, लिंगायत, जैन बायकांच्या बचत गटांबरोबर बसायचे ते शेजारी म्हणून. मार सगळ्या घरांत सारखाच लागतो.

प्रत्येक धर्मग्रामाने येत्या महिन्यात एवढे तरी करावे, अशी आमची मागणी आहे. कमिटीने ठराव करावा की हिंसेच्या प्रकरणात नवरा-बायकोची एकत्र बैठक घेतली जाणार नाही. बाईशी एकटीशी, बाईनेच बोलायचे. दोन-तीन स्वयंसेविकांनी महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात जाऊन संरक्षण अधिकाऱ्यांना, सखी वन स्टॉप सेंटरला आणि विधी सेवा प्राधिकरणाला भेटून यावे. प्रकरण आल्यावर ओळख शोधत फिरू नये. ११२ (तातडीची मदत), १८१ (महिला), १०९८ (मुले) आणि १५१०० (कायदेशीर मदत) हे क्रमांक मराठी व कन्नडमध्ये लिहून नोटीस बोर्डावर, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बायकांच्या स्वच्छतागृहात लावावेत. तिथे नवरा बघत नाही. विवाहपूर्व शिबिरात एक तास वकिलाला आणि समुपदेशकाला द्यावा. हात उचलणाऱ्या पुरुषाला पदावरून बाजूला करावे, आणि त्याच्या मित्रांनी त्याला तोंडावर सांगावे की हे पाप आहे, गुन्हाही आहे. दारूचे निमित्त कोणी पुढे करू नये. तोच माणूस दारू पिऊन साहेबावर हात उचलत नाही.

समेटाला आमचा विरोध नाही. पश्चात्ताप खरा असेल, हिंसा थांबली असेल, बाई सुरक्षित असेल आणि तिला स्वतःला परत जायचे असेल, तेव्हा देवाची कृपा काय करू शकते यावर आमचा विश्वास आहे. पण ते शेवटचे पाऊल आहे. पहिले पाऊल उतारशाळेकडे टाकायचे असते.

हे प्रभू, बंद दारांमागे रडणाऱ्या तुझ्या लेकींना धीर दे. ज्यांनी हात उचलला त्यांना खरा पश्चात्ताप दे. आम्हाला बाजूने निघून जाऊ देऊ नकोस, आणि जखमीला पुन्हा त्याच वाटेवर सोडू देऊ नकोस. उतारशाळेपर्यंत सोबत चालायचे, दारात पैसे द्यायचे आणि परत येऊन विचारायचे बळ आम्हाला दे. आमेन.