माडीची कुरकुर

कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या दुमजली घरांत रात्रीची एक रीत नकळत पडून गेलेली असते. माडीवर अभ्यासाला बसलेला नातू पाणी पिण्यास उठला, की खालच्या खोलीत आजींची झोप चाळवते. म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने, चोरपावलांनी चालतो. पुढे घरातील सारीच माणसे तशी चालू लागतात आणि तक्तपोशीचा आवाज वाड्याच्या वयावर घालून मोकळी होतात. बहुतेक वेळा त्या आवाजामागचे कारण क्षुल्लकच असते. क्वचित मात्र ते घराच्या आधाराशी जाऊन भिडते. हा भेद घरच्या माणसालाही ओळखता येतो.

लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. वर्षानुवर्षांच्या या हालचालीने खिळ्यांची पकड सैलावते, फळी कडीपासून केसभर सुटते आणि पाय पडताच खिळ्यावर घासत खाली-वर होते. कुरकुर म्हणतात ती हीच. तिची जागा शोधण्यास दोन माणसे पुरेत. एकाने वर सावकाश, प्रत्येक फळीवर पूर्ण भार देत चालावे. दुसऱ्याने खालून पाहावे, ऐकावे व खडूने खूण करावी. फळी आणि कडी यांच्यात फट दिसली, तर सरस लावलेली पातळ पाचर हाताने अलगद सरकवावी. येथे हातोडीचा मोह नडतो. पाचर जास्त शिरली की फळी उचलली जाते आणि शेजारची बोलू लागते. वरून काम करावयाचे झाल्यास जुना खिळा पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही, तो पुन्हा सैल होणारच. आधी बारीक छिद्र पाडून, कडीत खोलवर उतरेल असा स्क्रू आवळावा. छिद्राविना जुने सागवान चिरते. दोन फळ्यांच्या कडाच एकमेकींवर घासत असतील, तर फटीत शंखजिऱ्याची पूड सोडली तरी काही काळ शांतता लाभते.

दुसरा आवाज निराळा. एखादी फळी नव्हे, खोलीचा एक भागच दबतो. कपाटातील भांडी किणकिणतात, दार चौकटीत अडकू लागते. अशा वेळी फळ्यांची डागडुजी करीत बसू नये. तुळईचे टोक भिंतीत शिरते ती जागा आधी पाहावी. फुटक्या कौलातून किंवा न्हाणीच्या भिंतीतून आलेली ओल तेथेच मुरते, आणि वरून रंगाने झाकलेले टोक आतून कुजत राहते. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जावे: निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. त्यात आरीचे टोक सहज रुतले, तर माडीवरचा वावर त्याच दिवशी थांबवावा आणि जाणत्या अभियंत्यास बोलावून, त्याच्या देखरेखीखाली टेकू द्यावा. ओलीचा उगम बंद केल्याविना नवे लाकूड बसविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पुष्कळ घरांत तसे घडतेही.

सिमेंटच्या घरांत कुरकुर नसते, धपधप असते. स्लॅबवर पडलेला आघात भिंतींतूनही खाली उतरतो, त्यामुळे खालच्याने छताला आच्छादन केले तरी लाभ बेताचाच. उपाय आघात पडतो तेथे, म्हणजे वरच्या घरात: खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे, वावराच्या जागी जाड सतरंजी. मात्र तक्रार घेऊन जिना चढण्यापूर्वी वरचे बिऱ्हाड गावी गेले असताना एक रात्र कान द्यावा. नळ एकदम बंद झाल्यावर पाइपांत उठणारा ठोका अनेकदा शेजाऱ्याच्या पावलांच्या नावावर जमा झालेला असतो.

लाकडी माडीचे काम उन्हाळ्यात काढावे. तेव्हा फटी सर्वांत रुंद आणि सैल फळ्या उघड असतात. परंतु सुतार त्या फटी लांबीने गच्च भरू लागल्यास त्याला थांबवावे. श्रावणात फळ्या फुगतील, तेव्हा त्यांना ती जागा लागेल.