परदेशप्रवासाचा पडता भाव

परदेशगमन ही गोष्ट एके काळी आपल्या गावी वर्तमानपत्रात छापण्याजोगी मानली जात असे. सांप्रत ती घरोघरची झाली आहे. कोणाची कन्या दुबईत नांदते, कोणाचा नातू कॅनडात शिकतो. लेकीच्या बाळंतपणाकरिता सत्तरीची आजी प्रथमच विमानात पाऊल ठेवते. साहजिकच स्वस्त तिकीट कसे मिळवावे, ही चर्चा हल्ली पेढीवर भावतावाइतकीच रंगते. त्या चर्चेविषयी सभासद बंधुभगिनींपुढे चार शब्द ठेवावे असे आम्हांस वाटते.

आपण धान्याचे व्यापारी. मंडीत गव्हाची बोली कमी लागली एवढ्यावरून कोणी शहाणा माल उचलीत नाही. हमाली, तोलाई, बारदान, ट्रकभाडे आणि वाटेतील तूट धरून माल आपल्या गोदामात कोणत्या भावाने पडतो, हे पाहूनच सौदा होतो. असे असता विमानाच्या बाबतीत मात्र मोबाइलच्या पडद्यावरील पहिल्या आकड्याला आपण भुलतो, याचे नवल वाटते. तिकिटालाही पडता भाव असतो. तो बेटम्यातील आपल्या उंबऱ्यापासून परदेशातील मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंत मोजला पाहिजे.

आपल्याला दारे एकाहून अधिक आहेत. इंदूरचे विमानतळ जवळचे. तेथून 15 जुलै 2019 रोजी दुबईचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान उडाले, आणि 2023 साली शारजाची सेवा आली. अशा सेवा सुरू होतात, बंदही पडतात, म्हणून त्या त्या वेळी चौकशी करावी. मुंबई व दिल्ली रात्रीच्या रेल्वेने गाठता येतात. अहमदाबादचा रस्ता तर बेटम्यावरूनच जातो. चारही ठिकाणचे भाडे काढून त्यात तेथवर पोहोचण्याचा, जेवणाचा व रात्र काढावी लागल्यास खोलीचा खर्च मिळवावा. पुष्कळदा इंदूरहून निघणारे, वरकरणी महाग दिसणारे तिकीटच स्वस्त पडते.

सर्वांत मोठा धोका तुटक तिकिटांचा. इंदूर ते मुंबई एक तिकीट आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे, असे केल्याने काही हजार रुपये वाचतात हे खरे. परंतु पहिल्या विमानास उशीर झाला तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. देशांतर्गत विमानात बहुधा 15 किलो सामानाची मुभा असते. परदेशाच्या हिशेबाने 23 किलो भरलेल्या पेटीचे जादा पैसे इंदूरलाच मोजावे लागतात. मधला थांबा परक्या देशात असेल तर सामान सोडवून घेऊन पुन्हा देण्यासाठी बाहेर यावे लागते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एकाच तिकिटावर संपूर्ण प्रवास असेल तर पुढील विमान चुकल्यास दुसऱ्यात बसवून देणे कंपनीवर येते. आमच्या परिचयातील एका वृद्ध दांपत्याचे मुंबईचे विमान असे चुकले. पुढील तिकीट बुडाले, नवे दुपटीहून अधिक दराने घ्यावे लागले, आणि ते पोहोचले तेव्हा नातवाचा जन्म होऊन दोन दिवस लोटले होते. मुलाने वाचविलेले पैसे गेले त्याचे दुःख त्या माउलीला नव्हते.

उतरल्यानंतरचा हिशेब तर कोणी करीतच नाही. स्वस्त विमाने बहुधा शहरापासून लांब उतरतात. फ्रँकफुर्टचे नाव लावणारे हान विमानतळ त्या शहरापासून सुमारे 120 किलोमीटर दूर आहे. दुबईला मेट्रो आहे खरी, पण तिची स्थानके टर्मिनल 1 व 3 ला आहेत. स्वस्त विमाने जेथे पुष्कळशी उतरतात त्या टर्मिनल 2 ला नाही. शारजास मेट्रोच नाही. मध्यरात्री उतरणाऱ्याने टॅक्सीचे भाडे धरूनच तिकीट निवडावे, कारण तेव्हा मेट्रोही बंद असते. लंडनचे उदाहरण उलट आहे: हीथ्रोहून भुयारी रेल्वेने थेट शहरात जाता येते, जलद गाडीचे महाग तिकीट काढण्याची गरज नसते. जपानचा रेल्वे पास डोळे मिटून घ्यावा असे पूर्वी सांगत. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाचा दर 29,650 येनांवरून 50,000 येन झाला. आता दोन-तीन शहरेच पाहावयाची असतील तर सुटी तिकिटे परवडण्याचा संभव अधिक.

करासंबंधी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानी ठेवावी. परदेशी सहलीच्या एकत्रित पॅकेजवर ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस वसूल होऊ लागला. त्याचे दर नंतर बदलत गेले आहेत, तेव्हा चालू दर आपल्या मुनीम वा सनदी लेखापालास विचारावा. केवळ विमानाचे किंवा केवळ हॉटेलचे आरक्षण म्हणजे पॅकेज नव्हे, असा खुलासा जून 2023 मध्ये झाला. ही रक्कम विवरणपत्रात वळती होते हे खरे. पण हंगामाच्या तोंडावर भांडवल अडकते, आणि भांडवलाला व्याज असते हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

इतके असूनही एजंटाकडे जाऊच नये असे आमचे मत नाही. तरुणांनी आपले तिकीट आपण काढावे. वृद्ध जोडप्याकरिता मात्र ओळखीच्या, दुकान मांडून बसलेल्या माणसास चार पैसे अधिक द्यावे. अडचणीच्या वेळी फोन उचलणारा कोणी असणे हीही पडत्या भावातील एक बाब आहे. जैन भोजनाची नोंद बहुधा एक दिवस आधी करावी लागते, आणि स्वल्पदरी विमानात ते निराळे विकत घ्यावे लागते किंवा मिळतच नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी तर घड्याळ पश्चिमेकडे जाताना मागे सरते व पूर्वेकडे जाताना पुढे, हेही पाहून विमानाची वेळ निवडावी.

संस्थेच्या कार्यालयात याकामी एक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. परदेशाहून परतलेल्या सभासदाने तिकिटाची किंमत लिहिण्यापेक्षा विमानतळ ते मुक्काम हा खर्च, उतरण्याची वेळ आणि शाकाहारी जेवण कोठे मिळाले, एवढे तीन रकाने भरावेत. वहीचा खर्च आम्ही देऊ.