वाद अलमट्टीच्या उंचीचा, पण पाऊसच बदललाय त्याचं काय?

जुलै उजाडला की आपल्या भागात दोनच प्रश्न विचारले जातात. राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी चाललंय? आणि अलमट्टीतून किती सोडलं? चिकोडी, निपाणी, अथणी, शिरोळ, मिरज, कुठल्याही कट्ट्यावर बसा, हेच. पूर्वी नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला की लोक आनंदाने अंघोळीला जायचे. आता पादुकांपर्यंत पाणी आल्याची बातमी आली की लोक आधी जनावरं कुठे हलवायची ते बघतात.

2005, 2019, 2021. सोळा वर्षांत तीन महापूर. नकाशावर नदीकाठाला निळी रेषा असते, ती पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ज्यांच्या घरात 2019 ला आणि पुन्हा दोनच वर्षांनी पाणी शिरलं, त्यांना हे शंभर वर्षांचं गणित सांगून बघा!

2019 चं साल नीट आठवा. त्या मे महिन्यात कृष्णेचं पात्र अथणी-चिकोडीकडे कोरडं पडलं होतं आणि कर्नाटक महाराष्ट्राकडे पाणी सोडा म्हणून विनवणी करत होतं. तीन महिन्यांत त्याच नदीने सांगलीत आयर्विन पुलाजवळ 57 फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, मलप्रभेने रामदुर्गाकडे हाहाकार माजवला. दुष्काळ आणि महापूर एकाच वर्षात, एकाच नदीला.

हे असं का होतं, याचं उत्तर हवेत आहे. तापमान एक अंशाने वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मोठं भांडं भरायला वेळ लागतो, म्हणून पावसाचे खंड लांबतात. आणि भांडं कलंडलं की सगळं एकदम ओततं. त्यात अरबी समुद्र तापलाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे मधूनच उसळी घेतात आणि भरभरून बाष्प आणतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ते वारे थेट सह्याद्रीला धडकतात. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. कृष्णा तिथेच उगम पावते, कोयनाही तिथलीच.

अमुक एक पूर हवामान बदलानेच आला, असं बोट दाखवून सांगणं अवघड असतं, हेही मान्य केलं पाहिजे. पात्रात भराव टाकणारे, ओढे बुजवून प्लॉट पाडणारे आपल्यातलेच आहेत. बेळगावात बळ्ळारी नाला घ्या. शहापूर-येळ्ळूर शिवारातला भात दरवर्षी पाण्याखाली जातो, दुबार पेरणी होते, आणि नाल्यातला गाळ पुढच्या पावसाळ्याची वाट बघत तसाच. पाऊस वाढला हे खरं, पण वाट आपण अडवली.

आता अलमट्टी. दुसऱ्या कृष्णा लवादाने 2010 मध्ये पाणीसाठ्याची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायला मुभा दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलेलं आहे. कोल्हापूर-सांगलीचा विरोध समजण्यासारखा आहे. पाणी उतरायला लागणारा एकेक दिवस म्हणजे ऊस कुजणं. पण महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अतिवृष्टी आणि नदीतली अतिक्रमणं, यांवर तिचं बोट होतं. धरणाच्या खालच्या मुक्त पाणलोटात कोसळणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजाला जुमानत नाही. त्यामुळे उंची वाढली नाही तरी पूर यायचे थांबतील, या भ्रमात कुणी राहू नये.

खरी गोम धरणं भरण्याच्या वेळापत्रकात आहे. कुठल्या तारखेला किती साठा हवा, हे जुन्या पावसावरून ठरलं. ऑगस्टच्या सुरुवातीला धरण रिकामं ठेवावं तर पुराला जागा मिळते, पण पुढे पाऊस दडी मारला तर? 2023 ला कोयना भरलीच नाही. वीज, ऊस, उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी, सगळं त्यावर. अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा, धरण रिकामं ठेवल्याबद्दल शिव्या खायच्या की भरल्याबद्दल? तीन-चार दिवस आधीचा पावसाचा अंदाज धरून कोयना, राधानगरी, हिडकल आणि अलमट्टी यांचा विसर्ग एकत्र ठरवणं हा त्यातल्या त्यात मार्ग. 2019 ला अलमट्टीतून 5 लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं, पण तोवर सांगली बुडाली होती. फोनवरून मुख्यमंत्र्यांनी एकमेकांना विनंत्या करायच्या आणि अभियंत्यांनी वाट बघायची, हे किती वर्षं चालणार? वरच्या राज्यातले आकडे खालच्याला तासातासाला आपोआप मिळावेत, यासाठी लवादाच्या निकालाची गरज नाही.

आणि इशाऱ्यांच्या भाषेचं काय? वरचे आकडे मराठीत, खालचे कन्नडमध्ये, आणि मधल्या गावांना दोन्ही लागतात. यडूर-कल्लोळच्या पुलावर पाणी यायच्या आत निरोप पोचला पाहिजे, तोही घरातल्या म्हातारीला कळेल असा. सध्या तो पोचतो कुरुंदवाडच्या मेव्हण्याच्या फोनवरून. "दाजी, वाडीत पाणी चढतंय, म्हशी सोडून ठेवा."